नुसतं ‘चालत नाही’ म्हणून भागत नाही

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटात माझ्या नावाची कुजबूज सुरू झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण मी आले की बायकांचं बोलणं मध्येच थांबायचं. सरळ चार शब्द ऐकवले असते तर परवडलं असतं! निमित्त होतं सहा हजार चारशे रुपयांचं.

आमचं घर विरार पूर्वेला, फुलपाड्यात. पापडखिंडीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला आम्ही बारा जणी राहतो आणि बारा जणींचा आमचा गट. कुणी पोळ्या लाटून देते, कुणी ब्लाउज शिवते, एक जण साड्या विकते. गटानं एका संस्थेकडून कर्ज घेतलेलं आहे आणि दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत त्याचा हप्ता भरायचा असतो. पूर्वी संस्थेचा माणूस घरी यायचा, पैसे मोजून घ्यायचा आणि पुस्तकात सही करून जायचा. आता मोबाइलवरचं ॲप आलं. खजिनदार मी, कारण माझं अक्षर बरं आणि फोनही त्यातल्या त्यात बरा. सगळ्यांकडून पैसे गोळा करायचे, माझ्या खात्यात टाकायचे आणि तिथून हप्ता भरायचा, अशी आमची पद्धत.

जुलैच्या हप्त्याच्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. कुकर चढवला आणि म्हटलं, तेवढ्यात हप्ता भरून मोकळं व्हावं. रक्कम टाकली, पिन टाकला. पडद्यावरचं ते चाक गोल गोल फिरत बसलं. मग अक्षरं उमटली, ‘काहीतरी चुकले आहे. नंतर प्रयत्न करा.’ तेवढ्यात बँकेचा मेसेज आलाच, ६,४०० रुपये खात्यातून गेले म्हणून. मला वाटलं, गेले म्हणजे पोचले. मी फोन ठेवून दिला.

तीन दिवसांनी सहज ॲप उघडलं तर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘हप्ता थकीत’. वर दंडही लावलेला!

बँकेत गेले. तिथले साहेब म्हणाले, “तुमचे पैसे व्यवस्थित गेलेत, संस्थेला विचारा.” संस्थेच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, “आमच्याकडे नोंद नाही, बँकेला विचारा.” माझी अवस्था सासर-माहेर दोन्हीकडून परत पाठवलेल्या बाईसारखी! त्यात आमच्यातल्या एका वहिनींच्या मुलीचं नर्सिंगला नाव घालायचं होतं. त्यासाठी गटाच्या नावावर पुढचं कर्ज मंजूर व्हायचं होतं, आणि हप्ता थकीत दिसतोय तोवर मंजुरी नाही. पोरीची फी भरायची तारीख जवळ येत चालली. वहिनी मला काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा विचारलं, “ताई, तुम्ही भरलेत ना नक्की?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी संस्थेच्या तांत्रिक विभागाला लेखी तक्रार केली. काय लिहिलं होतं ते तुमच्यापासून लपवत नाही:

“तुमचं ॲप चालत नाही. आमचे पैसे खाल्ले. गरीब बायकांना लुबाडता का? सर्व्हर नीट करा आणि ताबडतोब पैसे जमा करा.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया अधिक तपशील कळवा.’ मी आणखी चिडून लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी इतकं तिखट लिहिलं की ह्यांनी वाचून म्हटलं, “अगं, हे पाठवू नकोस.” मी पाठवलंच. आणि उत्तर? अधिक तपशील कळवा!

रविवारी माझा भाचा जेवायला आला. तो एका कंपनीत अशाच तक्रारी वाचायचं काम करतो. कंपनी वेगळी, काम मात्र हेच. मी माझी तिन्ही पत्रं मोठ्या अभिमानानं त्याच्यापुढे धरली. त्यानं शांतपणे वाचली आणि म्हणाला, “मावशी, राग सोडला तर ह्यात काहीच नाही गं.”

मला राग आला. म्हटलं, “पैसे गेले हे लिहिलंय ना?”

“किती गेले? कुठल्या तारखेला? किती वाजता? कुठल्या खात्यातून? पडद्यावर काय अक्षरं आली? आणि ‘चालत नाही’ म्हणजे ॲप उघडतच नाही, का उघडून बंद पडतं, का पैसे घेतं आणि नोंद करत नाही? ‘चालत नाही’ एवढ्यावरून मी काय शोधू?”

मी गप्प. खरं सांगायचं तर तारीखसुद्धा मला धड आठवेना. आठ होती की नऊ?

तेवढ्यात तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभा राहिला. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसंच कॅलेंडर. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झालं, तेव्हापासून आमच्या सासूबाई त्यावर दुधाचा हिशेब लिहायच्या आणि आता मी लिहिते. एक लिटर, दीड लिटर, खाडा, ‘दूध नासलं, परत दिलं’. गॅस कधी लावला, वाण्याला किती दिले, सगळं त्याच चौकोनांत.

“हे कोण लिहितं?” त्यानं विचारलं.

“मीच. दुसरं कोण लिहिणार?”

“महिनाअखेरीला दूधवाल्याशी वाद झाला तर?”

“वाद होतच नाही. तारीखवार लिहिलेलं असतं.”

“मग मावशी, संस्थेलाही असंच लिही ना!”

मैत्रिणींनो, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दूधवाल्याला मी कधी ‘तुझं दूध चालत नाही’ असं सांगितलं नव्हतं. ‘मंगळवारचं सकाळचं दूध तापवताना फाटलं, बुधवारचं चांगलं होतं’ असंच सांगत आले. डॉक्टरांकडे मुलाला नेलं तरी आपण नुसतं ‘बरं नाही’ म्हणून थांबत नाही. ताप केव्हापासून, किती, उलटी जेवणाआधी की नंतर, कालपासून काय पोटात गेलं, सगळं सांगतो. इतकी वर्षं आपण हेच करत आलो, आणि मोबाइलचं नाव निघालं की हातपाय गाळून बसतो.

मग आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यानं सांगितलं, तक्रारीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. पलीकडच्या माणसाला आपला पडदा दिसत नाही, आपलं स्वयंपाकघर दिसत नाही. त्याच्या हातात फक्त आपले शब्द. त्या शब्दांवरून त्याला आपण केलं तेच पुन्हा करून पाहायचं असतं. तसं करून पाहताना त्याच्याही यंत्रात तीच चूक घडली, तर निम्मं काम झालं.

“आणि ‘सर्व्हर नीट करा’ हे काढून टाक,” तो म्हणाला. “सर्व्हर बिघडला हे तू पाहिलंस का?”

“नाही, पण दुसरं काय असणार?”

“तो तुझा अंदाज. लिहायचाच असेल तर शेवटी, ‘मला असं वाटतं’ म्हणून लिही. आधी जे दिसलं ते. तू सर्व्हर म्हटलंस की आमचा माणूस सर्व्हर बघत बसतो, आणि चोर दुसऱ्याच दारानं पळालेला असतो.”

तारीख कॅलेंडरनंच दिली. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशीच्या चौकोनात ‘हप्ता’ असं माझ्याच हातचं होतं. म्हणजे ९ जुलै, बुधवार. वेळ आणि रक्कम बँकेच्या मेसेजमध्ये सापडली. त्यात एक बारा आकडी क्रमांकही होता, ज्याच्याकडे मी आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं. २०१६ साली यूपीआय सुरू झालं, आणि त्यातल्या प्रत्येक व्यवहाराला असा संदर्भ क्रमांक असतो. भाचा म्हणाला, “बँक एकीकडे आणि संस्था दुसरीकडे. दोघांच्या वह्यांत तुझा व्यवहार शोधायची किल्ली म्हणजे हा आकडा. नाव आणि रक्कम सारखी असलेले खूप सापडतील, हा आकडा एकच.”

मग त्यानं विचारलं, “त्या वेळी घरात आणखी काय झालं होतं?”

“काही नाही रे. पाऊस होता. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. मध्येच लाइट गेली.”

“लाइट गेली? केव्हा? पिन टाकायच्या आधी की नंतर?”

मी आठवून पाहिलं. पिन टाकला आणि अंधार झाला. फोनच्याच उजेडात मी मेणबत्ती शोधली होती. आमच्याकडे पावसात लाइट जाणं ही काय सांगायची गोष्ट? पण तो एकदम सावरून बसला. लाइट गेली की घरातलं वायफायचं यंत्र बंद पडतं, आणि फोन आपणहून सिमकार्डाच्या नेटवर जातो. त्या दोन-चार क्षणांत निरोपांची देवाणघेवाण तुटते. त्यानं माझ्यासाठी सोपं करून सांगितलं. समज, दुकानात पैसे दिलेस, ते गल्ल्यात पडले, आणि मालक वहीत नोंद करणार एवढ्यात दिवे गेले. पैसे गल्ल्यात आहेत, वहीत मात्र तुझं नाव नाही. बँक म्हणते दिले, वही म्हणते मिळाले नाहीत. खोटं दोघंही बोलत नाहीत.

“हे असंच झालं असेल असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला, “पण लाइट गेल्याचं लिही. आपल्याला फालतू वाटतं ते त्यांना कामाचं असतं.”

शेवटी तयार झालेलं पत्र असं:

“विषय: ९ जुलै २०२५ रोजी भरलेला हप्ता ॲपमध्ये थकीत दिसतो.

मी काय केलं: बुधवार, ९ जुलै, संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी ॲप उघडून ‘हप्ता भरा’ हे बटण दाबलं. रक्कम ६,४०० रुपये. यूपीआय निवडून पिन टाकला. पिन टाकल्यावर लगेच घरातली वीज गेली. तोवर फोन घरच्या वायफायवर होता.

काय व्हायला हवं होतं: हप्ता जमा झाल्याची पावती.

काय झालं: साधारण मिनिटभर चाक फिरलं, मग ‘काहीतरी चुकले आहे. नंतर प्रयत्न करा.’ असं आलं. मी पुन्हा प्रयत्न केला नाही. त्याच वेळी बँकेचा ६,४०० रुपये वजा झाल्याचा मेसेज आला. १२ जुलैला ॲपमध्ये ‘हप्ता थकीत’ आणि दंड दिसला. बँकेच्या म्हणण्याप्रमाणे पैसे संस्थेकडे पोचले आहेत.

सोबत: बँकेच्या मेसेजचा आणि थकीत पानाचा फोटो, बारा आकडी संदर्भ क्रमांक, गटाचा कर्ज क्रमांक, फोनचं मॉडेल, ॲपची आवृत्ती. ह्याआधी तीन वेळा लिहिलं होतं, त्यांचे तक्रार क्रमांक खाली दिले आहेत.

विनंती: हप्ता ९ जुलैच्या तारखेनं जमा धरून दंड काढावा. ह्यामुळे गटाचं पुढचं कर्ज अडलं असून त्यावर एका मुलीची फी अवलंबून आहे.”

पाहा, ह्यात एकही अपशब्द नाही, आणि एकही रडगाणं नाही. मुलीच्या फीचा उल्लेख भाच्यानंच ठेवायला सांगितला. घाई का आहे हे एका ओळीत कळलं की तक्रार कुठल्या ढिगात ठेवायची हे त्यांना ठरवता येतं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. ह्या वेळी ‘क्षमस्व’ नव्हतं, एका मुलीचा आवाज होता. तिनं दोनच प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं माझ्या कागदावर होती. चार दिवसांनी ॲपवर हप्ता जमा दिसला, तोही ९ तारखेचा, आणि दंड गेला. त्या मुलीनंच पुन्हा फोन करून सांगितलं, की त्यांच्या माणसानं ऑफिसात पैसे भरताना मुद्दाम मध्येच वायफाय बंद करून पाहिलं, तर तिथंही नोंद अडकली. आणखी काही गटांचे हप्ते असेच लटकले होते. तेही सुटले. वहिनींच्या लेकीची फी शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी भरली गेली.

भाच्यानं त्या दिवशी एक गोष्ट सांगितली होती, ती तुम्हालाही सांगते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ नावाचा खोलीभर पसरलेला संगणक होता. ९ सप्टेंबर १९४७ ला तो अडखळू लागला. शोधता शोधता आत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला, आणि शेजारी वेळ लिहिली, दुपारचे पावणेचार. कुठल्या भागात सापडला तेही लिहिलं. ग्रेस हॉपर नावाची गणिती बाई त्या चमूत होती आणि पुढे ती हा किस्सा रंगवून सांगायची. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, पण तो खराखुरा किडा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्या वहीसकट जपलेला आहे. मला त्यात गंमत वाटली ती वेळेची. पावणेचार! आमच्या ‘दूध नासलं, परत दिलं’ची ती थोरली बहीणच की!

तुमच्यावरही कधी ना कधी ही वेळ येईल. विजेचं बिल असो, रेल्वेचं तिकीट असो, मुलांची फी असो, आता सगळंच फोनवर आलं आहे. म्हणून अनुभवाचे चार बोल.

गडबड झाली की आधी काही दाबू नका. पडद्यावरची अक्षरं आहेत तशी उतरवून घ्या, ‘असं काहीतरी आलं होतं’ कामाचं नाही. बऱ्याच फोनवर चालू-बंदचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की पडद्याचा फोटो निघतो. एका पत्रात एकच तक्रार लिहा. दोन तक्रारी असतील तर दोन पत्रं, नाहीतर एक सुटते आणि दुसरी तिच्याबरोबर बंद होते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तारीख नेमकी हवी, त्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१९ साली नियम केला, की यूपीआयनं पाठवलेले पैसे आपल्या खात्यातून कापले गेले आणि समोरच्याच्या खात्यात पोचलेच नाहीत, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला पैसे देताना खातरजमा झाली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा ‘मागच्या आठवड्यात कधीतरी’ म्हणून आपलंच नुकसान. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं झालं, तरी आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो. तोही कागदच.

आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. तपशील द्या म्हटलं म्हणून सगळंच द्यायचं नसतं. पिन, ओटीपी, पासवर्ड, कार्डाच्या मागचे तीन आकडे हे कुठल्याही खऱ्या मदत केंद्राला लागत नाहीत. जो मागेल तो भामटा समजा. मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, पासबुकावरचा किंवा ॲपमधलाच घ्या. कुणी ‘हे दुसरं ॲप टाका, मला तुमचा पडदा दिसू द्या’ म्हटलं तर फोन ठेवून द्या. फोटो पाठवताना खात्यातली शिल्लक झाका. आणि फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ह्या नंबरावर कळवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला मी ते पत्र आणि आलेलं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी माफी मागितली नाही, मी मागायला लावली नाही. वहिनींनी फक्त चहाचा कप आधी माझ्या हातात दिला.

एक रुखरुख मात्र राहिली. माझी पहिली तीन पत्रं कुणीतरी वाचलीच असतील ना? कदाचित त्याच मुलीनं. माझ्या भाच्यासारखीच पोटासाठी काम करणारी कुणाची तरी लेक. पैसे तिनं थोडेच खाल्ले होते? तिचा दुसरा फोन आला तेव्हा मी म्हटलं, “बाळा, आधीचं लिहिलेलं मनावर घेऊ नकोस.” ती हसली आणि म्हणाली, “काकू, तुमचं शेवटचं पत्र आम्ही नवीन मुलांना दाखवायला ठेवलंय.”

आता गटातल्या बायका फोन घेऊन माझ्याकडे येतात. “ताई, हे चालत नाही हो.” मी पेन्सिल काढते आणि म्हणते, “बस इथं. काय केलंस ते पहिल्यापासून सांग.” आणि कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी दर महिन्याला एक ओळ असते: हप्ता भरला, ७.४०, पावती आली.